टाकी ते टाकी

सोमवार, ४ मार्च

ही वही खरं तर मीटर तपासणीची. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी कोऱ्या राहिलेल्या चार वह्या प्रेमाने हाती दिल्या. (आणखी काही दिलं नाही, ते सोडा.) रकाने छापलेले आहेत: मागील रीडिंग, चालू रीडिंग, फरक, शेरा. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिणार. जागा पुरली नाही तर रकाना ओलांडीन. एकतीस वर्षं कधी ओलांडला नाही, आता ओलांडला तर कोण विचारतंय.

कारण असं झालं. काल लेक आली होती. आल्या आल्या घरात न येता तिने गाडीच्या डाव्या दारावरून बोट फिरवलं. ओरखडा पाहिला. मग डावा आरसा पाहिला, त्याला मी चिकटपट्टी लावली आहे. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, किल्ली आईकडे द्या."

"आईला गाडी येत नाही."

"मग कपाटात ठेवा. डोळे नीट तपासून येईपर्यंत तरी."

डोळे तपासलेत. गेल्याच वर्षी चष्म्याच्या दुकानात भिंतीवरची सगळी अक्षरं घडाघडा वाचली, अगदी खालची मुंगीएवढी ओळसुद्धा. दुकानदार म्हणाला, या वयात असे डोळे पाहायला मिळत नाहीत. ओरखड्याचं म्हणाल तर आमच्या फाटकाचा डावा खांब गवंड्याने चार बोटं आत घेतलाय. हे मी लेकीला सांगितलं. ही, म्हणजे माझी बायको, चहा ओतता ओतता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी दुर्लक्ष केलं.

शेवटी मी पैज लावली. गाडी चालवणारा बरा की वाईट हे त्याचं तोंड सांगत नाही, गाडीचं ॲव्हरेज सांगतं. लेक म्हणाली, "ॲव्हरेजचा आणि डोळ्यांचा काय संबंध?" संबंध कसा नाही? ज्याला पुढचं लांबून दिसतं तो पाय आधी उचलतो. त्याला ब्रेक कमी मारावे लागतात. ब्रेक कमी तर पेट्रोल कमी.

अटी: टाकी काठोकाठ भरायची, दोन आठवडे नेहमीसारखं फिरायचं, पुन्हा काठोकाठ भरायची. जितकं मावलं तितकं जळलं. असं तीनदा. तिन्हींची मिळून सरासरी लिटरला सतराच्या वर राहिली तर माझ्या गाडी चालवण्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. सतराच्या खाली गेली तर किल्ली लेकीकडे.

पैज हरायची नाही, आणि त्याचं कारण माझी हौस नाही. हिची थोरली बहीण गावाबाहेर बावीस किलोमीटरवर अंथरुणाला खिळून आहे. तिकडे बस जात नाही. गुरुवारी आणि रविवारी आम्ही जातो. ही तिचे केस विंचरते, नखं कापते, दोघी तासभर कुणाकुणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढून हसतात. मी बाहेर ओट्यावर पेपर वाचतो. गाडी गेली की ते सगळं गेलं.

आज टाकी फुल केली.

बुधवार, ६ मार्च

सुरुवात हवेपासून. चारही चाकांत तेहतीस हवी, निघाली सव्वीस. कमी हवेचं चाक म्हणजे ओल्या चपलेने चालणं, दम लागणारच. एअर फिल्टर काढून झटकला, त्यातून धूळ, पिसं आणि एक वाळलेला नाकतोडा निघाला.

मग डिकी. वजन वाढलं की पेट्रोल वाढतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळ्यांची डिकी भरलेली असते. आमच्यात निघालं ते असं: मोडकी पाण्याची मीटरं दोन, विटा तीन (चढावर चाकामागे लावायला), पाण्याचा मोठा कॅन, लेकीच्या शाळेतली छत्री, आणि हिने 'कधीतरी लागतील' म्हणून ठेवलेल्या जुन्या चादरी. एकूण बेचाळीस किलो. वजनकाट्यावर ठेवून मोजले.

वरच्या मजल्यावरची बसवाली जिन्यात उभी राहून पाहत होती. ती शहर बस चालवते, दुपारची पाळी. सकाळी घरी असते आणि सगळ्यांच्या कामात नाक खुपसते. म्हणाली, "काका, गाडीला दाखवायला नेताय का? एवढी झाडझूड चाललीय ती!"

शुक्रवार, ८ मार्च

मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते बारा मी जुन्या कचेरीत नव्या मीटर वाचणाऱ्यांना शिकवायला जातो. पगार नाही, चहा आहे. चालत जातो, कारण दीड किलोमीटरसाठी थंड इंजिन चालू करणं म्हणजे पेट्रोल गटारात ओतणं. इंजिन गरम होईपर्यंत ते दुप्पट पितं. हे मी नव्या मंडळींनाही सांगितलं, जरी त्यांचा विषय पाण्याचा आहे.

त्यांना पहिल्या दिवशी सांगतो तेच आजही सांगितलं: मीटर खोटं बोलत नाही, वाचणारा चुकतो.

संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला गेलो. ही हल्ली माझ्या डाव्या हाताला चालते. चाळीस वर्षं उजवीकडे चालत होती. विचारलं तर म्हणाली, "माझ्या उजव्या कानाने बरं ऐकू येतं." हिचे कान तपासून घ्यायला हवेत.

सोमवार, १८ मार्च

पहिलं भरणं. २३८ किलोमीटर, १३.६ लिटर. ॲव्हरेज १७.५!

कसं साधलं ते लिहून ठेवतो. सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचलायचा आणि गाडी आपल्या पायाने जाऊ द्यायची. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद. गिअर लवकर बदलायचा, इंजिनाला ओरडू द्यायचं नाही. गावात एसी बंद, काच खाली. मोठ्या रस्त्याला वेग वाढला की उलट, काच वर. साठच्या पुढे काटा न्यायचा नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत, त्यांचं पेट्रोल त्यांच्यापाशी.

लेकीला फोन करून आकडा सांगितला. ती म्हणाली, "छान. आणि डोळे?" तिला अभिनंदन करताच येत नाही.

गुरुवार, २१ मार्च

बहिणीकडून परत येताना वळणावर टपालवाली सायकलवरून मध्येच आली. म्हणजे रस्ता मोकळा होता, आणि पुढच्या क्षणी बॉनेटला लागून सायकल. डावीकडून कुठून उगवली देव जाणे. कचकन ब्रेक मारला. ती पडली नाही, पण पिशवीतली पत्रं रस्ताभर झाली. मी उतरून गोळा करू लागलो, ही पण उतरली.

टपालवाली म्हणाली, "काका, मी तुम्हाला हात केला होता." लोक हात करतात आणि समजतात झालं.

घरी येईपर्यंत ही दोन्ही हातांनी समोरची कड घट्ट धरून बसली होती. मी हिशेब करत होतो. असा एक ब्रेक म्हणजे शंभर मीटरचं पेट्रोल वाया.

जेवताना माझ्या कोपराने पाण्याचा पेला पडला. पेला नेहमी उजवीकडे असतो, आज ही विचारात असल्यामुळे डावीकडे ठेवला गेला असावा. तिने फडक्याने पुसलं आणि मग उगीचच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला बरं वाटलं, पण कारण कळलं नाही.

रविवार, २४ मार्च

गाडीत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट पुढे सरकलेली. रूळ झिजले असणार. आतला आरसाही खाली झुकलेला, त्याचा स्क्रू ढिला. जुनी गाडी, माणसासारखीच सांध्यांतून सैल होते.

हिला सांगितलं. म्हणाली, "होय का? बघा बाई." आणि भाजी निवडायला बसली. गाडीविषयी हिला काडीचा रस नाही.

सोमवार, १ एप्रिल

दुसरं भरणं: २४२ किलोमीटर, १६ लिटर. ॲव्हरेज १५.१.

पंपवाल्याला दोनदा विचारलं. वाटलं आजच्या तारखेची थट्टा करतोय. त्याने बिल दाखवलं.

तीच गाडी, तेच रस्ते, तोच मी. हवा परवाच तपासली. एसी लावलेला नाही. टाकी गळते का म्हणून गाडीखाली पुठ्ठा अंथरला, संध्याकाळी पाहिला तर कोरडा.

की मीच? पाय जड झाला असेल का? वयाने असं होत असेल, माणसाला न कळता? हा प्रश्न इथेच लिहितो, बाहेर नाही.

बुधवार, ३ एप्रिल

गाडी मिस्त्रीकडे नेली. बावीस वर्षांची ओळख. त्याने चाक उचलून हाताने फिरवलं, ब्रेक चिकटत नव्हते. प्लग पाहिले, ठीक. मग वाकून वास घेतला.

"काका, क्लच जळल्याचा वास आहे. हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, चाललीय गाडी. घरात दुसरं कोण चालवतं का?"

"कोण चालवणार? आमच्या हिला ब्रेक कुठला आणि क्लच कुठला तेही ठाऊक नाही."

तो नुसता हं म्हणाला. मग गाडीभोवती एक फेरी मारली. "सगळे ओरखडे डावीकडेच आहेत काका. उजवी बाजू कशी नवीकोरी."

"फाटकाचा खांब आत आलाय."

"आणि हा? हा पिवळा रंग आहे. तुमचा खांब पांढरा ना?"

मी म्हटलं, तू क्लचचं बघ. तो क्लचची तार आवळू लागला. मध्येच म्हणाला, "तो पाना द्या जरा." मी समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पाना कुठेच नाही. तो उठला आणि माझ्या डाव्या हाताला टेकून पडलेला पाना त्याने स्वतः उचलला. त्याच्या गॅरेजात उजेडच नाही, किती वर्षं सांगतोय.

निघताना त्याने मजुरी घेतली नाही. म्हणाला, "काका, गाडीला काही झालेलं नाही." त्याच्या आवाजात मला कीव ऐकू आली, आणि मी रस्ताभर चिडून होतो.

शनिवार, ६ एप्रिल

हिशेब मांडला. दोन भरण्यांची ४८० किलोमीटर झाली, २९.६ लिटर गेले. आता शेवटच्या भरण्यात साधारण २४० किलोमीटर धरले तर पावणेतेरा लिटरच्या आतच भागायला हवं. म्हणजे लिटरला जवळपास एकोणीस. ही गाडी नवी होती तेव्हाही एकोणीस देत नव्हती.

ही शेजारी बसून वाटाणे सोलत होती. तिला समजावून सांगितलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित मन लावून ऐकलं.

"म्हणजे अहो, पंपावर पावणेतेराच्या आत मावलं, की तुम्ही जिंकलात?"

"अगं इतकं सोपं नाही ते. पण हो, तसंच."

"बरं," म्हणाली, आणि वाटाणे सोलू लागली. मग चार शेंगा सोलून झाल्यावर, "तुम्ही हरलात तर फार वाईट वाटेल का हो?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, गाडीचं नाही वाटणार. तुझ्या बहिणीकडे तुला नेऊ शकलो नाही तर माझा उपयोग काय, असं वाटेल. ती उठून आत गेली. वाटाण्यांचं भांडं तसंच राहिलं, उरलेले मी सोलले.

वजन कमी करावं म्हणून पुन्हा डिकी पाहिली. एक उशी सापडली, बैठकीतली निळी. ती तिथे कशी? घरात आणून ठेवली. वजन तीनशे ग्रॅम, पण थेंबे थेंबे तळे साचे.

गुरुवार, ११ एप्रिल

नवल चाललंय. पेट्रोलचा काटा खालीच येईना! दहा दिवस झाले, अजून पाऊण टाकी. मी काट्यावर विश्वास ठेवत नाही, पण आनंद व्हायला काय हरकत?

परवापासून चप्पल काढून अनवाणी पायाने गाडी चालवतोय. ॲक्सिलरेटर तळव्याला नीट कळतो. त्याचाच गुण असणार.

निळी उशी पुन्हा डिकीत.

सोमवार, १५ एप्रिल

२४८ किलोमीटर. ९ लिटर. पंपवाल्याला तिसऱ्यांदा क्लिक होईपर्यंत भरायला लावलं. नऊच.

सरासरी १८.९. पैज जिंकलो. पंपावरच हिला ओरडून सांगितलं, तिने टाळ्या वाजवल्या. लेकीला फोन केला. "बरं बाबा," एवढंच म्हणाली.

दुपारी पेपर वाचायला बसलो आणि पेपर हातातच राहिला. २४८ भागिले ९ म्हणजे साडेसत्तावीस. साडेसत्तावीस ही गाडी देत नाही. हिचा बाप देत नाही. उतारावरून ढकलत नेली तरी देणार नाही.

एकतीस वर्षांत मीटर जोरात धावतंय अशा हजारो तक्रारी माझ्याकडे आल्या. मीटर हळू फिरतंय अशी एकही आली नाही. हळू मीटर गिऱ्हाइकाला आवडतं, ते शोधायचं काम आमचं. आज गिऱ्हाईक मीच आहे, आणि मीटर माझ्या बाजूने खोटं बोलतंय. गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही.

नाही. गप्प बसवणार नाही. आज रात्रीपासून रोजचं रीडिंग.

मंगळवार, १६ एप्रिल

काल रात्रीचं रीडिंग ८१,४०६. आज कचेरीतून परत आलो, गाडी जागच्या जागी उभी, रीडिंग ८१,४०८. बॉनेटला हात लावला तर गरम.

मी चालत गेलो, चालत आलो. गाडी मात्र दोन किलोमीटर फिरून आली. कुणीतरी माझी गाडी नेतं, आणि वर पेट्रोल घालून आणून ठेवतं? असा चोर कुठल्या गावात असतो?

वाकून चाकं पाहिली. खाचांमध्ये पांढरा चुना. आमच्या बाजूला चुना एकाच ठिकाणी असतो: बस डेपोमागचं मैदान. तिथे बस चालकांची परीक्षा घेतात, जमिनीवर चुन्याच्या रेषा आखलेल्या असतात.

हिला काही बोललो नाही. उगीच घाबरायची.

शुक्रवार, १९ एप्रिल

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर लिहून होणार नाही.

दहाला नेहमीसारखा निघालो, कचेरीच्या कोपऱ्यावरून वळलो आणि डेपोच्या मागच्या लहान फाटकातून मैदानात शिरलो. मैदान रिकामं. समोर भिंत, उजवीकडे जुन्या टायरांची रास, जमिनीवर चुन्याच्या रेषा. मधोमध जाऊन उभा राहिलो. कुठेतरी इंजिन सुरू असल्याचा आवाज होता, वाटलं डेपोतली बस असेल. मग वाटलं, बसचा नाही, लहान इंजिन आहे, आमच्यासारखंच. हवा तपासून घ्यायला हवी, असं काहीतरी मनात आलं. चोर आज आला नाही, असंही मनात आलं.

"अहो."

आवाज इतका जवळून आला की मी दचकलो. मान वळवली. माझ्या डाव्या हाताला, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, आमची गाडी उभी होती. इंजिन चालू. स्टिअरिंगवर ही, निळ्या उशीवर बसलेली. शेजारी बसवाली.

"कधी आलीस?" मी विचारलं. चोर पकडायला आलेल्या माणसाने विचारायचा प्रश्न नव्हे, पण तोच तोंडातून निघाला.

"तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा मी तिथे होते," तिने हात करून दाखवलं. "तुम्हाला बघून तुमच्याकडेच यायला लागले. सबंध मैदान ओलांडून आले. दोनदा बंद पडली, दोनदा चालू केली. मग इथे येऊन थांबले. म्हटलं, आता बघतील, आता बघतील." तिने काचेतून मान बाहेर काढली. "तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता हो."

बसवाली हळूच उतरली आणि टायरांच्या राशीकडे गेली.

मी मान सरळ केली. गाडी गेली. म्हणजे होती तिथेच, आवाज येत होता, फक्त मला दिसत नव्हती. आणि तिथे काळोख नव्हता, डाग नव्हता. मैदान होतं, रिकामं, चुन्याच्या रेषांसकट. पुन्हा मान वळवली, गाडी आली. पुन्हा सरळ केली, गेली. ही मला असं करताना पाहत होती आणि रडत होती. मला टपालवाली आठवली. तिने हात केला होता. मी गाडीच्या टपाला धरून उभा राहिलो.

मी घाबरलो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

मग तिने एकेक सांगितलं. वर्षभर तिला कळत होतं. पेला डावीकडे ठेवला की सांडतो. डावीकडून बोललं की मी दचकतो. म्हणून ती त्या बाजूने चालायला लागली. दोनदा मला बोलली, दोन्ही वेळा मी तो चष्म्याच्या दुकानदाराचा दाखला दिला. टपालवालीच्या दुसऱ्या दिवशी ती वरच्या मजल्यावर गेली आणि बसवालीला म्हणाली, मला गाडी शिकव. परवाना आधीच काढला, शिकाऊ. "फोटो फार वाईट आलाय," म्हणाली, रडता रडता.

"मग मला पैजेत हरू द्यायचं होतंस. किल्ली आपोआप गेली असती."

"मी शिकल्यामुळे तुमचा आकडा पडला. तो तुमचा पडला नव्हता." तिने नाक पुसलं. "किल्ली घ्यायचीच होती मी तुमच्याकडून. पण तुम्ही वाईट चालवता असं ठरून नको होती. तुम्ही छान चालवता."

"म्हणून पेट्रोल ओतलंस?"

"या बसवालीलाच पंपावर पाठवून भरून घेतलं. ही म्हणाली पाच लिटर पुरे. मी म्हटलं आठ असू दे, कमी पडायला नको."

मला हसू आलं. हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, त्या कामाला डोळे अजून ठीक आहेत. एवढं जपून केलेलं कारस्थान, आणि हात सैल सुटला म्हणून फसलं. हिने आयुष्यात कुणाला कमी वाढलेलं नाही.

किल्ली द्यायचा प्रसंगच आला नाही. ती तिच्याच हाताशी होती. मी बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेलो, त्या ओरखड्याच्या दाराने आत बसलो आणि पट्टा लावला. तिने पहिला गिअर टाकला. गाडीने तीन उड्या मारल्या आणि बंद पडली. मी जीभ दाताखाली धरली.

"बोला," म्हणाली, "पोटात ठेवू नका, दुखेल."

"क्लच अजून हळू सोड," मी म्हटलं.

मंगळवार, २३ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ ठिपका आलाच नाही. मी सांगितलं, यंत्र बंद पडलंय. त्या म्हणाल्या, "चालू आहे हो."

काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेलीये, उजव्याची थोडी. अक्षरं वाचायची नजर मधली असते, ती शाबूत, म्हणून दुकानदार फसला. आणि गेलेली जागा काळी दिसत नाही. मेंदू तिथे आपल्या पदरचं भरतो. रस्ता दिसला की रस्ता, मैदान दिसलं की मैदान. वाचणारा चुकतो, दुसरं काय!

गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं थेंब घालून राखता येईल. गाडी चालवायची नाही.

रात्री लेकीला स्वतः फोन केला. सांगितलं, पैज तू जिंकलीस. ती रडायला लागली. मग मीच तिची समजूत काढत बसलो.

गुरुवार, २ मे

मधे लिहिलं नाही. मन नव्हतं. सकाळी उठून हात खिशात जातो, किल्ली नसते, मग आठवतं. ही थेंब घालते, तेव्हा तिचा चेहरा बरोबर मधोमध येतो. तेवढा अगदी स्पष्ट दिसतो.

बसवाली सुट्टीच्या दिवशी आम्हाला बहिणीकडे नेते. ही चालवते गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर, ती शेजारी, मी मागे. काल टपालवालीकडे जाऊन माफी मागितली. म्हटलं, तुम्ही हात केला होता, मला दिसला नाही. ती म्हणाली, "आता कळलं काका. मी आपली समजत होते, तुम्ही तिरसट आहात." म्हटलं, तेही आहेच.

गुरुवार, ६ जून

हिला पक्का परवाना मिळाला. आज आम्ही दोघंच.

पंपावर टाकी फुल केली. मागल्या भरण्यापासूनचे किलोमीटर तिने वाचून दाखवले, मी वहीत भागाकार केला. १३.१. दुसऱ्या गिअरमध्ये ती इंजिनाला इतकं ओरडायला लावते की दोन गल्ल्यांपलीकडे कळावं. सिग्नलला हिरवा होईपर्यंत क्लच आणि ॲक्सिलरेटर दोन्हींवर पाय. एसी चालू आणि काचही खाली, कारण तिला दोन्ही आवडतं.

"किती आलं?" तिने विचारलं. मान रस्त्याकडे, दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट.

"सतरा."

"खरंच?"

"सतराच्या थोडं वरच."

एकतीस वर्षांत तोंडाने खोटं रीडिंग सांगितलं नव्हतं. वहीत खरं आहे, वही ती वाचत नाही. तिने मान अशी काही ताठ केली की मला माझंच लग्नातलं रूप आठवलं. पुढे दोन किलोमीटर ती गुणगुणत होती. तिने माझ्यासाठी आठ लिटर ओतले होते, मी तर चारच किलोमीटर वाढवले.

वळणावर तिने वेग कमी केला. लांबून, अगदी वेळेवर.

"टपालवाली जातेय," म्हणाली. "तुमच्या बाजूने. हात करतेय तुम्हाला."

मला रस्ता दिसत होता, रिकामा. मी काचेबाहेर डावीकडे हात केला.